कर्सर-संचार

संगणकावरील मजकुरात माउसला हात न लावता, कीबोर्डच्या कळांनी कर्सर हवा तिथे नेण्याची पद्धत. टंकलेखन, संपादन, मुद्रितशोधन आणि प्रोग्रामिंग करणाऱ्यांच्या हातात ती इतकी मुरलेली असते की कोणती कळ दाबली हे विचारल्यावर त्यांना आठवावे लागते.

विंडोजमध्ये डाव्या-उजव्या बाणाने कर्सर एक अक्षर सरकतो, कंट्रोल धरून तोच बाण दाबला तर एक शब्द. होम आणि एंड ओळीच्या दोन टोकांना नेतात. त्यांना कंट्रोलची जोड दिली की दस्तऐवजाच्या टोकांना. यांपैकी कशाहीबरोबर शिफ्ट धरली तर वाटेतला मजकूर निवडला जातो. हा शिफ्टचा नियम कळला की निम्मे पाठांतर वाचते. मॅकवर शब्दासाठी ऑप्शन आणि ओळीसाठी कमांड ही कळ आहे. शिवाय उजवीकडे जाताना विंडोज पुढच्या शब्दाच्या आरंभी थांबते, तर मॅक चालू शब्दाच्या शेवटी. दोन्हींवर काम करणाऱ्याचा हात इथे हमखास चुकतो. वर्डमधील शिफ्ट-एफ५ आधी केलेल्या दुरुस्तीच्या जागी परत नेते. लांबलचक मजकूर तपासताना ही फार कामाची कळ, पण ठाऊक थोड्यांनाच.

बाणांच्या कळा पूर्वी सगळ्या कीबोर्डांवर नसत. १९७६ साली आलेल्या एडीएम-३ए या टर्मिनलवर (मोठ्या संगणकाला जोडलेला पडदा आणि कीबोर्ड) बाण एच, जे, के, एल या अक्षरांच्या कळांवरच छापलेले होते. त्यालाही कारण होते: आस्की या, अक्षरांना आणि आज्ञांना क्रमांक देणाऱ्या संकेतात कंट्रोल-एच म्हणजे एक घर मागे आणि कंट्रोल-जे म्हणजे पुढची ओळ. बर्कली विद्यापीठाच्या बिल जॉय यांनी ‘व्हीआय’ हा मजकूर-संपादनाचा प्रोग्राम याच टर्मिनलवर घडवला, आणि ही चार अक्षरे कर्सर हलवण्याच्या आज्ञा म्हणून त्यात कायमची बसली. १९७८ च्या वर्डस्टार या लेखनाच्या प्रोग्रामने कंट्रोलसोबत ई, एस, डी, एक्स वापरून डाव्या हाताखाली चौकट मांडली. ई वर, एक्स खाली, एस डावीकडे, डी उजवीकडे. त्यांच्याही बाहेरच्या ए आणि एफ शब्दागणिक उड्या मारत. कळांच्या जागाच दिशा सांगत असल्याने ही मांडणी आजच्या बहुतेक शॉर्टकटांपेक्षा अधिक शहाणी म्हणावी लागेल. उलट १९८४ च्या पहिल्या मॅकिन्टॉशच्या कीबोर्डवर बाण नव्हतेच. लोकांनी माउस वापरावा अशीच योजना होती.

देवनागरीत ‘एक अक्षर पुढे’ म्हणजे किती, हा प्रश्न उभा राहतो. ‘स्त्री’ हा शब्द युनिकोडमध्ये (जगभरच्या लिपींतील अक्षरांना क्रमांक देणाऱ्या प्रमाण पद्धतीत) सहा संकेतांचा आहे: स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ ईकार. तो ओलांडायला काही प्रोग्राममध्ये बाण एकदा दाबावा लागतो, काहींमध्ये तीनदा. युनिकोडच्या जुन्या नियमांनुसार त्याचे ‘स्’, ‘त्’ आणि ‘री’ असे तीन तुकडे पडत. देवनागरीची जोडाक्षरे अखंड धरण्याचा नियम २०२३ च्या १५.१ आवृत्तीत आला. खोडण्याची तऱ्हा आणखी निराळी. अनेक प्रोग्राममध्ये बॅकस्पेस शेवटची वेलांटी तेवढी काढते आणि डिलीट अख्खे जोडाक्षर उडवते. ऱ्हस्व-दीर्घाच्या दुरुस्तीसाठी म्हणूनच कर्सर अक्षराच्या पुढे नेऊन बॅकस्पेस वापरणे सोयीचे.

व्हीआय वापरणाऱ्यांची अडचण वेगळीच आहे. इन्स्क्रिप्ट हा भारतीय लिपींचा प्रमाण कीबोर्ड चालू असताना एच, जे, के, एल या कळांवर प, र, क, त उमटतात. त्या देवनागरी अक्षरांना व्हीआय हालचालीच्या आज्ञा मानत नाही, त्यामुळे मराठी लिहिताना फिरण्यासाठी दर वेळी भाषा बदलावी लागते, नाहीतर मुकाट्याने बाणांकडे वळावे लागते.