सापाच्या पेटीत ऊन कुठे, सावली कुठे?

पेटी किती अंशांवर ठेवायची, हा साप पाळणाऱ्याचा पहिला प्रश्न. त्यातच गोची आहे, कारण सापाला एक तापमान पुरत नाही. तो शरीर तापवतो ते जागा बदलून: ऊब हवी तेव्हा उबेकडे, पुरे झाली की गारव्याला. म्हणून पेटीचं एक टोक उबदार आणि दुसरं गार हवं. कॉर्न स्नेकसाठी (हा घरी पाळला जाणारा एक बिनविषारी साप) उबदार टोक सुमारे ३० अंश सेल्सिअस, गार टोक २४ च्या आसपास. लपायला आडोसा दोन्हीकडे द्या. एकाच बाजूला असला तर भित्रा साप तिथून हलतच नाही, मग उकडो की गारठो.

उबेची खरी गरज पचनाला असते. उंदीर अख्खा गिळलेला असतो. शरीर थंड राहिलं तर पाचक रस मंदावतात, भक्ष्य पोटात कुजू लागतं आणि साप ते उलटून टाकतो.

पण हीट मॅट, म्हणजे विजेवर तापणारी चटई, थर्मोस्टॅटशिवाय (ठरलेल्या तापमानाला ऊब आवरणाऱ्या उपकरणाशिवाय) लावू नका. पोटाखालची जागा चटका बसण्याइतकी तापली तरी साप तिथून उठेलच असं नाही, आणि भाजलेल्या पोटाची जखम भरायला फार वेळ लागतो. थर्मोस्टॅटचा तापमान मोजणारा सेन्सर मॅटच्या अगदी जवळ हवा. काचेवर वर चिकटवलेला तापमापक खालच्या तापलेल्या जमिनीबद्दल काहीच सांगत नाही. बल्ब असेल तर त्याला जाळी हवीच, नाहीतर साप त्यालाच वेटोळं घालतो.

दिवसा साधारण १२ तास उजेड, रात्री अंधार. सापाला पापण्या नसतात, डोळ्यावर फक्त एक पारदर्शक खवला असतो, त्यामुळे उजेड नको असला तरी डोळे मिटता येत नाहीत. म्हणून रात्रीच्या उबेसाठी लाल बल्बपेक्षा उजेड न देणारा सिरॅमिक हीटर बरा.

सफाईचं म्हणाल तर विष्ठा दिसली की लगेच उचला. तिच्यासोबतचा पांढरा खडूसारखा भाग म्हणजे युरिक आम्ल. पाणी वाचवायची सापाची ही युक्ती. पूर्ण सफाई साधारण महिन्याला एकदा पुरते. आधी साबणाने घासा, मग जंतुनाशक लावा, कारण मळ शिल्लक असला की जंतुनाशक नीट काम करत नाही. फिनॉल असलेली जंतुनाशकं आणि देवदाराचा भुसा मात्र पेटीत नकोच, दोन्ही सापाला बाधतात. जिभेने वास टिपणाऱ्या या प्राण्याला सगळंच अनोळखी वाटू नये, म्हणून पेटीच्या तळाशी अंथरलेला जुना पण स्वच्छ असा थोडा थर परत घालावा. भांडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नका: निरोगी सापाच्या विष्ठेतही साल्मोनेला, म्हणजे माणसाचं पोट बिघडवणारा जिवाणू, असू शकतो.