फील्टी

फील्टी म्हणजे मध्ययुगीन युरोपातील सरंजामशाहीत मांडलिकाने आपल्या धन्याशी एकनिष्ठ राहण्याची घेतलेली शपथ. इंग्रजीत हा शब्द जुन्या फ्रेंचमधून १३०० च्या सुमारास आला. त्याचे मूळ लॅटिन ‘फिडेलिटास’, आणि त्याच्याही मुळाशी ‘फिडेस’, म्हणजे विश्वास. ‘फिडेलिटी’ त्याच घरची. ‘लॉयल’ मात्र कायदा या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आलेला.

फील्टी आणि होमेज हे दोन विधी बहुधा लागोपाठ होत, त्यामुळे त्यांची सर्रास गल्लत होते. होमेज करताना मांडलिक तलवार उतरवून, बोडक्या डोक्याने गुडघे टेकी, जोडलेले हात धन्याच्या हातांत देई आणि ‘आजपासून मी तुमचा माणूस’ असे म्हणे. फील्टीची शपथ धर्मग्रंथावर किंवा संतांच्या अवशेषांवर हात ठेवून घेत. पंधराव्या शतकातील इंग्रज कायदेपंडित थॉमस लिटलटन बारकावा नोंदवतो: फील्टी देताना गुडघे टेकायचे नाहीत, ग्रंथाचे चुंबन घ्यायचे. होमेज खुद्द धन्यापुढेच करावे लागे; फील्टी त्याचा कारभारीही घेऊ शके.

शपथेने नेमके काय अंगावर येई, हे शार्त्रचा बिशप फुल्बर्ट याने १०२० च्या सुमारास अ‍ॅक्विटेनच्या ड्यूकला लिहिलेल्या पत्रात सर्वांत स्वच्छ सांगितले आहे. धन्याच्या शरीराला इजा करू नये, त्याची गुपिते व किल्ले शत्रूला देऊ नयेत, त्याचा न्यायाधिकार आणि मालमत्ता यांना धक्का लावू नये, त्याला सोपे असलेले अवघड आणि शक्य असलेले अशक्य करू नये. पण नुसते नुकसान न करणे पुरेसे नाही. सल्ला आणि मदतही द्यायची. धन्यानेही तसेच वागायचे, नाहीतर तोच विश्वासघातकी ठरतो. फील्टीला निव्वळ ताबेदारी समजणारे हे कलम विसरतात.

घोळ होई तो एकाच माणसाने अनेकांकडून जमिनी घेतल्यावर. दोन धनी आपसांत लढले तर बाजू कोणाची? त्यासाठी एकाला ‘लीज’, म्हणजे मुख्य धनी मानू लागले. इंग्लंडचा राजा पहिला विल्यम याने १०८६ मध्ये सॉल्झबरीला इतरांच्या मांडलिकांकडूनही थेट आपल्याशी निष्ठेची शपथ घेवविली. मांडलिक चुकला तर जमीन जाई: इंग्लंडचा राजा जॉन फ्रान्समधील जमिनींपुरता फ्रान्सच्या राजाचा मांडलिक होता; बोलावूनही तो हजर झाला नाही, तेव्हा १२०२ मध्ये त्याच्या त्या जमिनी जप्त ठरविण्यात आल्या. १२०४ मध्ये नॉर्मंडी प्रत्यक्ष हातची गेली.

१६६० च्या कायद्याने इंग्लंडमधील लष्करी चाकरीच्या बदल्यात जमीन धरण्याची पद्धत संपली. राज्याभिषेकात मात्र विधी उरला आहे. २०२३ मध्ये युवराज विल्यम यांनी तिसऱ्या चार्ल्सपुढे गुडघे टेकून ‘लीज मॅन’, म्हणजे मुख्य धन्याचा माणूस, या शब्दांत निष्ठा वाहिली. काटेकोरपणे पाहता ते होमेज होते.