सीआरपी किती आलाय?

जानेवारीत सोलापुरात सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरते आणि त्याच सुमारास आमच्या लॅबची सकाळची रांग लांबते. शहराच्या पूर्व भागातून आया येतात, कडेवर चादरीत गुंडाळलेलं बाळ, मागे आजी. आपसात तेलुगू, काउंटरवर मराठी. आणि रक्त घ्यायच्या आधीच प्रश्न : "मॅडम, सीआरपी किती आलाय सांगा की."

सीआरपी म्हणजे सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीन, शरीरातला दाह दाखवणारं रक्तातलं प्रथिन. कोरोनाने हा शब्द घरोघरी पोचवला. त्याआधी लोक "पेशी वाढल्यात का" एवढंच विचारायचे. आता व्हॉट्सअॅपवर आलेला रिपोर्ट बोटाने मोठा करून पाहतात आणि जो आकडा ठळक छापलाय त्यालाच आजार समजतात.

सीआरपी सापडलं १९३० साली, न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत. टिलेट आणि फ्रान्सिस हे दोघे न्यूमोकोकस जंतूमुळे न्यूमोनिया झालेल्यांचं रक्त तपासत होते. जंतूच्या एका साखरेसारख्या घटकाला त्यांनी 'सी' म्हटलं होतं आणि रुग्णांच्या रक्तातलं एक प्रथिन त्याला चिकटत होतं. नावातला 'सी' तिथला. हे प्रथिन तयार होतं यकृतात. शरीरात कुठे दाह सुरू झाला की इंटरल्युकिन-६ हा निरोप्या यकृताला कळवतो, चार-सहा तासांत सीआरपी चढायला लागतं आणि दीड-दोन दिवसांत शिखर गाठतं. दाह थांबला की साधारण १९ तासांत निम्मं होतं.

म्हणून मी आधी विचारते, ताप कधी आला? काल रात्री दहाला ताप आणि आज पहाटे रक्त, तर आकडा कमी येणारच. तोच आकडा तिसऱ्या दिवशी आला असता तर त्याचा अर्थ निराळा. रिपोर्टवर रक्त घेतल्याची वेळ छापलेली असते, ताप आल्याची नसते.

आणखी एक घोळ. काही लॅब सीआरपी लिटरमागे मिलिग्रॅममध्ये देतात, काही डेसिलिटरमागे. एकीकडचे ४० म्हणजे दुसरीकडचे ४. दोन लॅबचे रिपोर्ट शेजारी ठेवून "उतरला की हो!" म्हणत पेढे वाटायला निघालेले आजोबा मी पाहिलेत.

आता मुख्य गोष्ट. सीआरपी आणि संसर्गात रक्तात वाढणारं प्रोकॅल्सिटोनिन यांचा खरा उपयोग जीवाणू की विषाणू, याचा अंदाज घ्यायला. जीवाणूंच्या मोठ्या संसर्गात प्रोकॅल्सिटोनिन झपाट्याने चढतं, विषाणूंविरुद्ध शरीर जो इंटरफेरॉन-गॅमा सोडतं तो त्याला दाबून धरतो. त्यातही अपवाद आहेत. अॅडिनोव्हायरस विषाणू असूनही सीआरपी भरपूर चढवतो आणि पोरगं मात्र लॅबच्या बाकावर उड्या मारत असतं. बाळ किती आजारी आहे, हा प्रश्नच वेगळा. तिथे हे आकडे अडखळतात.

आरएसव्ही हा श्वासमार्गाचा विषाणू घ्या. दोन वर्षांच्या आतल्या मुलांना ब्रॉन्किओलायटिस होतो तो बहुतेकदा या विषाणूमुळे. फुफ्फुसातल्या सगळ्यात बारीक नळ्या सुजतात, आत चिकट कफ आणि मेलेल्या पेशींचा चोथा. नळीची त्रिज्या निम्मी झाली की हवेला होणारा अडथळा दुप्पट होत नाही, सोळा पटींपर्यंत जातो. मोठ्या माणसाच्या नळीत मिलिमीटरभर सूज आली तर खोकून निभावतं, बाळाची नळी मुळातच तेवढी. ही सगळी अडचण नळाच्या पाइपात कचरा अडकावा तशी आहे, यकृताला तिचा पत्ताही नसतो. सीआरपी जेमतेम ५ आणि श्वास ओढताना बाळाचं पोट उडतंय, असं सर्रास दिसतं.

एलडीएचचं म्हणाल तर पेशी फुटल्या की हे एन्झाइम बाहेर पडतं, त्यामुळे फुफ्फुसाची किती नासधूस झाली ते कळावं अशी आशा. पण तांबड्या पेशींतही ते ठासून भरलेलं. सात महिन्यांच्या गुबगुबीत हातात शीर सापडेपर्यंत बाळ किंचाळतं, हात झटकतं, रक्त थेंबाथेंबाने सुईतून रगडत येतं. लाल झाकणाची ट्यूब सेंट्रिफ्यूजमधून काढली की वरचं पिवळसर पाणी गुलाबी दिसतं. तो एलडीएच आमच्या सुईने वाढवलेला. असा नमुना मी टाकून देते आणि आईची बोलणी खाते.

जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमधला सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, हीही फसवते. चार-पाच वर्षांपर्यंत मुलांत पांढऱ्या पेशींपैकी लिम्फोसाइट न्यूट्रोफिलपेक्षा जास्तच असतात. रिपोर्टवर मोठ्यांची मर्यादा छापलेली असली की धडधाकट बाळापुढेही लाल बाण येतो.

खरा धोका सांगणारा आकडा कधीकधी अगदी साधा दिसतो. रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडचा नेहमीचा दाब ३५ ते ४५ मिलिमीटर पारा. धापा टाकणारं मूल तो वायू भराभर बाहेर फेकतं, म्हणजे आकडा खाली जायला हवा. धाप चालू असताना ४२ आला, तर मूल दमत चाललंय. तो आकडा ठळक छापला जात नाही. घरचे म्हणतात, "आता शांत झोपलंय."

परवा एक आजी नातीला घेऊन आल्या, सात महिन्यांची. रक्त घेऊन झालं होतं. मी चादर बाजूला केली, झबलं वर सरकवलं आणि घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर श्वास मोजले. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने दोन महिन्यांच्या आत ६०, वर्षाच्या आत ५०, पाच वर्षांच्या आत ४०. तिथून पुढे श्वास जलद. हिचे ६६. प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडत होता.

"रिपोर्ट कधी मिळेल?" आजींनी विचारलं.

"तो मागून पाठवते," मी म्हटलं, "तुम्ही आधी हिला घेऊन डॉक्टरांकडे चला." मीच रिक्षा थांबवली. सीआरपी नंतर ६ आला.