वाफेच्या छोट्या इंजिनांची किट आणि कोल्हापूरची फौंड्री : एक पार्श्वभूमी

कोळसा, पाणी आणि खऱ्या वाफेवर चालणारे, पण टेबलावर मावेल एवढे रेल्वे इंजिन घरी जुळवायचे असेल, तर त्याचे किट आजही बहुधा ब्रिटन किंवा जपानमधून मागवावे लागते. गंमत अशी, की अशा किटमध्ये जे जे लागते, म्हणजे बिडाचे सिलिंडर, गनमेटलची (तांबे-कथलाच्या मिश्रधातूची) फिटिंग, पोलादी प्लेटच्या फ्रेम, तांब्याचे पत्राकाम आणि चांदीची झाळ, त्यातील प्रत्येक काम कोल्हापूर आणि परिसरात निराळ्या कारणासाठी रोज चालू असते. मग ही सगळी कामे एका खोक्यात येण्याची प्रथा दुसरीकडेच का रुजली, हे समजण्यासाठी किट या वस्तूचा इतिहास पाहावा लागतो. कोणते काम कारखान्याने करून द्यायचे आणि कोणते घेणाऱ्याच्या हातासाठी ठेवायचे, या वाटणीतून किट आकाराला येते, आणि गेल्या सव्वाशे वर्षांत ही वाटणी सारखी बदलत गेली आहे.

रेल्वे इंजिनाच्या बाबतीत प्रतिकृती आधी आली आणि इंजिन नंतर. विल्यम मर्डॉक याने इंग्लंडमधील कॉर्नवॉलमध्ये १७८४ साली वाफेवर चालणाऱ्या गाडीची लहान प्रतिकृती चालवून दाखवली. रिचर्ड ट्रेव्हिथिकनेही आधी नमुने करून पाहिले आणि मग १८०४ मध्ये वेल्समधील पेनीडॅरन येथे रुळांवर खरे इंजिन आणले. त्यानंतर मात्र क्रम उलटा झाला. रेल्वे पसरल्यावर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात इंग्लंडमधील उपकरणे विकणारे दुकानदार पितळी इंजिने विकू लागले. स्पिरिटच्या दिव्यावर चालणारी आणि झुलत्या सिलिंडरची ही इंजिने जमिनीवरून धावताना मागे पाण्याची रेघ सोडत. देखणी असली तरी ती तयार खेळणीच होती. घेणाऱ्याला त्यांत करण्यासारखे काही नव्हते.

हे चित्र पालटले ते १८९८ च्या आसपास. त्या वर्षी पर्सिव्हल मार्शल यांनी लंडनहून ‘मॉडेल इंजिनिअर’ हे नियतकालिक सुरू केले आणि त्याच वर्षी तिथे हौशी कारागिरांची संस्थाही उभी राहिली. नॉर्थॅम्प्टनच्या बॅसेट-लोक यांनी याच सुमारास टपालाने सुटे भाग विकण्याचा व्यवसाय मांडला. हेन्री ग्रीनली यांच्यासारखा अभियंता आराखडे करी, न्यूरेंबर्गच्या बिंग यांच्यासारखे जर्मन खेळणी कारखाने तयार मालही पुरवत, आणि ज्याला स्वतः घडवायचे असेल त्याला ओतीव भाग आणि नकाशे मिळत. स्टुअर्ट टर्नर यांनी स्थिर वाफयंत्रांच्या ओतीव संचांचा असाच धंदा उभारला. त्यांची छोटी यंत्रे आजही शिकाऊ माणसाला सुचवली जातात.

पहिल्या किटमागचे गणित साधे होते. हौशी माणसाकडे घरी छोटा लेथ असू शकतो, पण भट्टी नसते. म्हणून ओतकाम तेवढे विकत घ्यायचे. छिद्र पाडणे, बोअर करणे, आटे काढणे, घासणे आणि जुळवणे हे सारे आपण करायचे. पुढे १९४६ मध्ये आलेल्या मायफर्ड एमएल७ सारख्या लेथमुळे ही वाटणी ब्रिटनमध्ये आणखी पक्की झाली. आपल्याकडे बटाला आणि राजकोट इथे लहान लेथ बनत होते आणि बनतात. पण त्यांवर पोट भरायचे असते, छंदासाठी लेथ ठेवण्याची ऐपत आणि जागा फार थोड्यांकडे होती. किट इथे न रुजण्याचे पहिले कारण मला कौशल्यापेक्षा या घरगुती लेथच्या अभावात दिसते.

या छंदातला सर्वांत महत्त्वाचा वाद १९२० च्या दशकात झाला आणि तो बॉयलरवरून झाला. इतक्या लहान आकारात कोळशाची भट्टी आणि खऱ्या इंजिनासारख्या नळ्यांचा बॉयलर चालणारच नाही, स्पिरिटचा दिवाच हवा, असे मोठे विक्रेते मानत. ‘एलबीएससी’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या लेखकाने ते खोडून काढले. त्याने पूर्वी लंडन, ब्रायटन अँड साउथ कोस्ट रेल्वेत काम केले होते. टोपणनावही त्या रेल्वेच्या आद्याक्षरांचेच. अडीच इंच गेजच्या, म्हणजे दोन रुळांत तेवढे अंतर असलेल्या, त्याच्या ‘आयेशा’ या कोळशावरच्या इंजिनाने बसलेली माणसे ओढून दाखवली. त्यानंतर १९६७ मध्ये मृत्यू होईपर्यंत तो सामान्य कामगाराला झेपेल अशा भाषेत एकेका इंजिनाची कृती क्रमशः लिहीत राहिला. साडेतीन इंच गेजचे त्याचे ‘टिच’ हे चार चाकांचे इंजिन अजूनही बनवले जाते. पुढे मार्टिन इव्हान्स यांच्या ‘रॉब रॉय’ आणि ‘सिम्प्लेक्स’ने तीच परंपरा चालवली. ओतीव भाग विकणाऱ्यांचा धंदा या लेखमालांवर उभा राहिला, हे विसरता येत नाही. नुसत्या बिडाच्या तुकड्यांची पेटी कोणी विकत घेत नाही. तिच्यासोबत आज काय करायचे आणि उद्या काय, हे सांगणारा माणूस लागतो.

लहान आकारात अडचण नेमकी कोठे येते, हे थोडे उलगडून सांगण्यासारखे आहे. माप दहा पटींनी कमी केले तर पृष्ठभाग शंभर पटींनी आणि घनफळ हजार पटींनी कमी होते. म्हणजे सिलिंडरमधल्या वाफेच्या मानाने तिला थंड करणाऱ्या भिंती दसपट जास्त झाल्या. मूळ इंजिनातील दीडशे-दोनशे नळ्या त्याच संख्येने छोट्या बॉयलरमध्ये बसवल्या, तर त्या सुईएवढ्या होऊन काजळीने तुंबतील. म्हणून नळ्या मोजक्या आणि प्रमाणापेक्षा जाड ठेवतात. बाहेरून हुबेहूब आणि आतून वेगळे, असेच चालते छोटे इंजिन करावे लागते, आणि किटच्या आराखड्याची खरी कसोटी या आतल्या भागात असते.

हा बॉयलर तांब्याचा असतो. आपल्या घरातील जुन्या बंबासारखीच त्याची मूळ कल्पना आहे : मधून विस्तवाची वाट आणि भोवती पाणी. फरक दाबाचा. बंब वरून मोकळा असतो, तर साडेतीन किंवा पाच इंच गेजच्या इंजिनाचा बॉयलर साधारण ८० ते १०० पौंड प्रति चौरस इंच दाबावर चालतो. तिथे कथलाचा डाग उपयोगाचा नाही, कारण पाणी कमी पडले की तो वितळून सांधा सुटतो. सगळे सांधे चांदीच्या मिश्रधातूने झाळावे लागतात. तांबे वितळते १०८४ अंश सेल्सिअसला आणि ही झाळ त्याच्या पुष्कळ खाली, प्रकारानुसार सहाशे ते आठशे अंशांच्या दरम्यान वाहते. सांध्यावर टाकणखाराच्या जातीचा फ्लक्स लावतात, संपूर्ण नग तापवतात आणि धातू लालसर होताच झाळेची तार टेकवतात. ती फटीत आपोआप खेचली जाते. आतल्या भट्टीचे सांधे आधी जास्त तापमानाच्या झाळेने आणि बाहेरचे नंतर कमी तापमानाच्या झाळेने करावे लागतात, नाहीतर दुसरा सांधा करताना पहिला उसवतो. दर टप्प्यानंतर नग सौम्य गंधकाम्लात बुडवून स्वच्छ करतात. हुपरीच्या चांदी कारागिराला यातले एकही पाऊल नवे नाही, फक्त दोन-तीन किलोचा तांब्याचा नग एकसारखा तापवण्याइतकी मोठी ज्योत त्याच्या बैठकीवर नसते.

१९७० च्या दशकात वाटणी पुन्हा बदलली. जपानच्या ॲस्टर कंपनीने १९७५ मध्ये ४५ मिलिमीटर रुळांवरचे ब्रिटिश ‘स्कूल्स’ वर्गाचे इंजिन आणले आणि पुढे तिची इंजिने पूर्ण यंत्रण केलेल्या भागांच्या किट रूपात प्रसिद्ध झाली. घेणाऱ्याने स्क्रू ड्रायव्हर आणि पाने घेऊन बसायचे. लेथची गरज नाही. ब्रिटनमध्ये १९८० च्या दशकापासून राउंडहाउस कंपनीने ब्युटेन गॅसवर चालणारी नॅरो गेज इंजिने आणली, आणि पॉली या नावाने पाच इंच गेजची, माणसे ओढणारी इंजिने बोल्टने जोडण्याच्या किट रूपात मिळू लागली. बॉयलर तयार, तपासलेला येतो. मोठी इंजिने महिन्याच्या हप्त्याने, एकेक खोके पाठवून विकण्याचाही प्रयोग झाला. त्यांतले काही उत्पादक मध्येच बंद पडले आणि गिऱ्हाइकांकडे अर्धवट इंजिने राहिली. अलीकडे लेझर कटिंग आणि थ्री-डी प्रिंटिंगमुळे फ्रेम करवतीने कापणे आणि लाकडी पॅटर्न (ज्यावरून वाळूचा साचा उठवतात तो नमुना) कोरणे हीही कामे कमी झाली. प्रत्येक टप्प्यावर गिऱ्हाईक वाढले आणि त्याच्या हाताला उरलेले काम घटले.

आता कोल्हापूरकडे. संस्थानाच्या खर्चाने बांधलेला मिरज-कोल्हापूर हा सुमारे ४७ किलोमीटरचा मार्ग १८९१ मध्ये खुला झाला आणि तो सदर्न मराठा रेल्वेकडे चालवण्यास होता. हा मार्ग मीटर गेजचा होता. ब्रॉडगेज १९७१ मध्ये आले. बार्शी लाइट रेल्वे ही एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांची नॅरो गेज रेल्वे १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झाली आणि पुढे १९२७ मध्ये मिरजेपर्यंत पोचली. त्यामुळे मिरज स्थानकात एके काळी तिन्ही गेजचे रूळ पाहायला मिळत. प्रतिकृती करणाऱ्याच्या दृष्टीने हा प्रदेश त्यामुळे विलक्षण सोयीचा आहे, आणि त्याचा फायदा अद्याप कोणी घेतलेला नाही, हे मला खटकते.

सोय अशी. ४५ मिलिमीटरच्या रुळांवर १:२२.५ हे माप जर्मनीच्या लेहमान कंपनीने १९६८ मध्ये रूढ केले, तेच मुळी मीटर गेज गाड्यांसाठी. १००० मिलिमीटरला २२.५ ने भागले की जवळजवळ ४५ येतात. म्हणजे जुन्या कोल्हापूर मार्गावरील गाडीला जगभर मिळणारे तयार रूळ चालतात. साडेतीन इंच गेजवर हीच मीटर गेज साधारण १:११ च्या मापात बसते. ब्रिटिश इंजिने त्याच रुळांवर १:१६ मध्ये करतात. तेव्हा त्याच आकारमानाचे इंजिन १:११ मध्ये घनफळाने जवळजवळ तिप्पट होते आणि वाफेच्या दृष्टीने वर सांगितलेली अडचण बरीच हलकी होते. बार्शीच्या ७६२ मिलिमीटर गेजला पाच इंचांनी, म्हणजे १२७ मिलिमीटरने, भागले तर नेमके सहा उत्तर येते. १:६ मध्ये मूळ नकाशावरचे दोन फूट म्हणजे चार इंच, इतका हिशोब सरळ.

कारागिरीची बाजू तर जगजाहीर आहे. ऊस, गुऱ्हाळे आणि पंचगंगेच्या खोऱ्यातील पाणी उपसा यांमुळे ऑइल इंजिने आली, त्यांची दुरुस्ती करता करता म्हादबा मेस्त्रींसारख्या कारागिरांच्या परंपरेत भाग घडू लागले, आणि त्यातून शिवाजी उद्यमनगर, मग शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथील फौंड्री व मशिन शॉप उभे राहिले. जवळच किर्लोस्करवाडी १९१० पासून नांगर ओतत होती. याच शहरात बाबूराव पेंटर यांनी चित्रपटाचा कॅमेरा घडवला, ही गोष्ट इथे सांगितल्यावाचून कोणाला राहवत नाही, मलाही नाही.

पण मोटारींचे हजारो भाग ओतणे आणि इंजिनाचे पंचवीस सिलिंडर ओतणे यांत अंतर आहे. छोट्या सिलिंडरच्या भिंती पाच-सहा मिलिमीटरच्या असतात. एवढ्या पातळ भागात बीड झपाट्याने थंड होऊन चिल होते. कास्टिंगला पांढरे, काचेसारखे कठीण डाग येतात आणि त्यावर ड्रिल टिकत नाही. यावर सिलिकॉन वाढवलेले लोखंड आणि ओतताना इनॉक्युलेशन (वितळलेल्या लोखंडात थोडे सिलिकॉनयुक्त मिश्रण टाकणे) हा उपाय आहे, पण मोठ्या ऑर्डरच्या मेल्टमध्ये तेवढ्यासाठी वेगळे मिश्रण कोण करणार? पॅटर्नमध्ये बिडासाठी १०० मिलिमीटरला सुमारे १ मिलिमीटर, तर गनमेटलसाठी सुमारे दीड मिलिमीटर आकुंचन धरावे लागते. हँड मोल्डिंग करणारा जुना मोल्डर अशा कामाला जास्त योग्य, आणि तो आता सहज सापडत नाही.

कायद्याची अडचण मात्र वाटते तेवढी नाही. १९२३ च्या भारतीय बॉयलर कायद्यात २००७ च्या दुरुस्तीनुसार २५ लिटरपेक्षा कमी क्षमतेचे पात्र ‘बॉयलर’ ठरत नसे, त्याची जागा घेणाऱ्या २०२५ च्या बॉयलर कायद्यातही ते ठरत नाही, आणि साडेतीन इंच गेजच्या इंजिनात जेमतेम दोन-तीन लिटर पाणी मावते. निरीक्षक येणार नाही, म्हणून जबाबदारी करणाऱ्यावरच येते. ब्रिटनमधील संस्थांनी चाकोरी घालून दिली आहे : नवा बॉयलर थंड पाण्याने, चालवण्याच्या दाबाच्या दुप्पट दाबावर तपासायचा आणि त्याची नोंद ठेवायची. कोल्हापुरात किट निघाले, तर बॉयलर तपासून आणि क्रमांक टाकूनच द्यावा, कच्च्या पत्र्याच्या रूपात नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे.

उरलेला भाग मात्र पूर्ण यंत्रण करून देऊ नये. ॲस्टरच्या वाटेने गेल्यास स्पर्धा जपानी अचूकतेशी होईल. ओतीव संचाच्या जुन्या वाटेने गेल्यास आयटीआयचा टर्नर, पॉलिटेक्निकचा विद्यार्थी आणि निवृत्त फिटर हे सगळे गिऱ्हाईक होतात, कारण लेथ त्यांच्या आवाक्यात कुठेतरी असतोच. नमुन्यासाठी बार्शीचे आठ जोडचाकांचे (दांड्यांनी एकमेकांना जोडलेल्या चाकांचे) टाकी-इंजिन, म्हणजे पाण्याची टाकी अंगावरच वाहणारे इंजिन, कितीही मोहक असले, तरी सुरुवातीला ते जड जाईल. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात अजमेरला १८९५ मध्ये बांधलेले, भारतात तयार झालेले पहिले इंजिन मानले जाणारे एफ-७३४ उभे आहे : मीटर गेज, सहा जोडचाकांचे. माप घेण्यासाठी मूळ वस्तूच समोर आहे. साडेतीन इंच गेजला ते केले, तर सहाही जोडचाके एकाच पॅटर्नमधून निघतात, आणि डाव्या-उजव्या सिलिंडरचा पॅटर्न उलटसुलट चालेल असा काढला तर तोही एकच पुरतो.