पार्श्वभूमी: रणगाड्यांचा ‘कार्क’ रंग आणि तो मारणाऱ्यांची फुप्फुसं

लष्करी गाड्यांवरचा जुना अल्किड रंग मस्टर्ड गॅससारखी द्रव्यं शोषून घ्यायचा. गाडी कितीही धुतली तरी विष रंगात मुरलेलंच राहायचं. सोव्हिएत रासायनिक हल्ल्याची धास्ती असलेल्या अमेरिकी लष्करानं म्हणून १९८०च्या दशकात ‘कार्क’ (CARC, म्हणजे रासायनिक अस्त्रांना दाद न देणारा लेप) हा पॉलीयुरेथेन रंग स्वीकारला. त्यात विष मुरत नाही आणि विष धुण्याच्या जहाल द्रावणानं तो उतरतही नाही.

आपल्याकडे गॅरेजमध्ये ज्याला टू-पॅक पीयू म्हणतात, त्याच जातीचा हा रंग. रंगात मिसळायच्या हार्डनरमध्ये, म्हणजे रंग कडक करणाऱ्या दुसऱ्या भागात, एचडीआय नावाचं आयसोसायनेट हे रसायन असतं. भोपाळचा वायूही आयसोसायनेटच होता, पण तो झपाट्यानं उडणारा. इथे खरा धोका स्प्रे गनच्या तुषारांतून. ते छातीत गेले की खोकला आणि घरघर सुरू होते. शरीराला एकदा त्याची अ‍ॅलर्जी जडली की पुढे अगदी थोड्या मात्रेनंही दमा उसळतो. त्यातही वाईट म्हणजे नाकाला वास जाणवेपर्यंत सुरक्षित मर्यादा ओलांडलेली असते. मास्कचा फिल्टर निकामी झाला तरी रंगाऱ्याला पत्ता लागत नाही, म्हणून नळीनं स्वच्छ हवा पुरवणारा मास्कच हवा.

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकनं कुवेतमध्ये सैन्य घुसवलं. युरोपातून सौदीत उतरलेली अमेरिकी वाहनं जंगली हिरव्या रंगाची होती आणि वाळवंटात ती लांबूनच दिसली असती. दम्मम आणि जुबैल बंदरांत ती घाईघाईनं वाळूच्या रंगात रंगवली गेली. या कामावर फ्लोरिडा नॅशनल गार्डची ३२५वी मेंटेनन्स कंपनीही होती. सुरुवातीला योग्य मास्क पुरेसे नव्हते, तरी काम थांबलं नाही. पेंटागॉननं २००० साली या रंगकामावर स्वतंत्र अहवाल काढला.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. रंग पूर्ण वाळला की गाडीत बसणाऱ्याला त्याचा त्रास नाही. त्यामुळे गल्फ वॉरहून परतलेल्या सगळ्यांच्या आजारांचं खापर या रंगावर फोडणं चूक ठरेल. जोखीम रंगाऱ्यांची, आणि पुढे त्यावर ग्राइंडर, वेल्डिंग किंवा गॅस कटर चालवणाऱ्यांची.

ही जोखीम किती खरी आहे हे नेदरलँड्समध्ये दिसलं. तिथल्या पाच डेपोंत १९८४ ते २००६ या काळात डच कामगार अमेरिकी रणगाडे आणि ट्रक घासून पुन्हा रंगवत. तिथे कार्क होता आणि प्रायमरमध्ये क्रोमियम-६, म्हणजे कर्करोग घडवणारं द्रव्य. २०१४ मध्ये प्रकरण बाहेर आलं. २०१८ मध्ये सरकारी आरोग्य संस्थेच्या चौकशीनं संरक्षण खात्यानं कामगारांची काळजी घेतली नाही असा निष्कर्ष काढला. मंत्र्यांनी माफी मागितली, भरपाईची योजनाही आली. अनेकांच्या बाबतीत ती फार उशिरा आली.

कार्क आजही वापरात आहे. पाण्यावर आधारित नव्या प्रकारांत सॉल्व्हंट कमी झालं आहे, पण हार्डनरमध्ये आयसोसायनेट अजूनही आहे आणि फवारणाऱ्याला मास्क तेवढाच लागतो.