'अ लाइव्ह वन' आणि 'स्लिप स्टिच अँड पास': फिशचे दोन लाइव्ह अल्बम

अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात १९८३ मध्ये सुरू झालेल्या फिश या बँडचे हे पहिले दोन लाइव्ह अल्बम नवे श्रोते सहसा एकाच पठडीत बसवतात. वाजवणारे तेच चौघे, प्रेक्षकांचा गलका तसाच आणि गाण्याचे शब्द संपल्यानंतर रंगत जाणारे उत्स्फूर्त वादनही दोन्हींत आहे. तरीही त्यांची घडण वेगळी आहे आणि त्यांतल्या उत्स्फूर्ततेचा स्वभावही वेगळा आहे.

१९९५ मध्ये आलेला 'अ लाइव्ह वन' दोन सीडींचा आहे. तो सलग ऐकताना एकच मैफल ऐकल्याचा भास होतो, आणि त्यासोबतच्या माहितीतही सारे ध्वनिमुद्रण 'क्लिफर्ड बॉल' नावाच्या एकाच ठिकाणचे असल्याचे भासवले होते. प्रत्यक्षात १९९४ मधल्या वेगवेगळ्या शहरांतील कार्यक्रमांतून निवडून तो जुळवलेला आहे. अर्ध्या तासाहून अधिक चालणारे 'ट्वीझर' हे गाणे मेन राज्यातल्या बँगोरचे आहे, तर 'माँटॅना' हा छोटा तुकडा बोझमन येथे वाजवलेल्या दुसऱ्याच 'ट्वीझर'मधून कापून घेतला आहे.

'स्लिप स्टिच अँड पास' मात्र खरोखरच एका रात्रीचा आहे. १ मार्च १९९७ रोजी हॅम्बुर्गच्या मार्कटहाले या लहानशा सभागृहात झालेल्या कार्यक्रमातील नऊ गाणी त्यात आहेत. संपूर्ण कार्यक्रम मात्र त्यात नाही, हेही ध्यानात ठेवायला हवे.

माझ्या मते खरा फरक वादनात आहे. १९९४ च्या वादनात ट्रे अनास्तासिओची गिटार पुढे असते. ती ताण वाढवत नेते, बाकीचे तिघे तिला वर चढवतात आणि शिखर गाठल्यावर सारे मोकळे होतात. हॅम्बुर्गमध्ये हीच गिटार मागे सरते. सुमारे चौदा मिनिटांच्या 'वुल्फमन्स ब्रदर'मध्ये माइक गॉर्डनचा बास आणि जॉन फिशमनचे ड्रम्स एक ठेका धरून ठेवतात, गिटार सूर लांबवण्याऐवजी त्याच ठेक्यात तुटक, खरखरीत आघात देत राहते, पेज मॅककॉनेलचे कीबोर्ड उरलेल्या जागा भरतात, आणि कोणालाही एकल वादनाची घाई नसल्यामुळे तो फंक, म्हणजे ठेक्यावर उभे असलेले नाचरे संगीत, हळूहळू दाट होत जातो. ३१ ऑक्टोबर १९९६ रोजी अटलांटा येथे या बँडने टॉकिंग हेड्स या दुसऱ्या अमेरिकी बँडचा 'रिमेन इन लाइट' हा ठेक्यावरच उभा असलेला अल्बम मंचावर संपूर्ण वाजवला होता आणि त्या तयारीचा त्यांच्या वादनावर खोल परिणाम झाला. हॅम्बुर्गच्या अल्बमची सुरुवातही टॉकिंग हेड्सच्याच 'सिटीज'ने होते.

म्हणून फिशचा फंक कसा घडला हे जाणून घ्यायचे असेल, तर लांबीला भुलून 'ट्वीझर'कडे न वळता आधी 'वुल्फमन्स ब्रदर' ऐकावे, आणि त्याचा ठेका विरत विरत झीझी टॉप या बँडच्या 'जीझस जस्ट लेफ्ट शिकागो' या संथ ब्लूजमध्ये जातो ती जागा मुळीच चुकवू नये.