प्रवेशाधिकारांवर आधारित सॉफ्टवेअर परवाने

वापरकर्त्याला प्रणालीत काय काय करण्याची मुभा दिली आहे, हे पाहून त्याच्या परवान्याचा प्रकार आणि किंमत ठरवण्याची पद्धत. ईआरपीसारख्या, म्हणजे कंपनीचे हिशेब, खरेदी, साठा अशी कामे एकत्र चालवणाऱ्या, मोठ्या व्यावसायिक प्रणालींत ती रूढ आहे. साधा नामनिर्देशित परवाना डोकी मोजतो, समवर्ती परवाना एका वेळी आत असलेली माणसे मोजतो. इथे मात्र प्रत्येकाच्या कमरेला किल्ल्यांचा केवढा जुडगा लटकतो आहे, ते मोजले जाते. त्यातली एखादी किल्ली वर्षभरात एकदाही फिरवली नसली, तरी तिचा हिशेब होतो. ग्राहक कंपन्यांना सर्वाधिक खटकते ते हेच.

मायक्रोसॉफ्टच्या डायनॅमिक्स ३६५ या व्यावसायिक प्रणालीतील वित्तविषयक अ‍ॅपमध्ये ही यंत्रणा थेट मेनूत दडलेली आहे. मेनूतील प्रत्येक बाबीला दोन परवाने जोडलेले असतात : एक नुसते पाहण्यासाठी, दुसरा नोंद करण्या-बदलण्यासाठी. वापरकर्त्याला दिलेल्या सगळ्या रोलमधून (रोल म्हणजे एका कामासाठी बांधलेला अधिकारांचा संच) ज्या ज्या बाबी त्याच्यापर्यंत पोचतात, त्यांतला सर्वांत वरचा परवाना त्याला लागतो. ‘टीम मेंबर्स’ हा स्वस्त परवाना माहिती वाचणे आणि कामाचे तास भरण्यासारख्या मोजक्या नोंदी यांपुरता आहे. रोलमध्ये एखादा वरचा अधिकार घुसला की तो पुरत नाही.

एसएपी या जर्मन कंपनीच्या ईआरपीमध्ये पूर्वी वापरकर्त्याचे वर्गीकरण ग्राहकच करारातील व्याख्या पाहून करत असे; वर्ग नोंदवायचा राहिला, तर मोजणीत तो माणूस महागड्या ‘प्रोफेशनल’ वर्गात धरला जाई. एस/४हाना क्लाउड या तिच्या नव्या प्रणालीच्या करारांत एफयूई (फुल यूज इक्विव्हॅलंट) हे वापरकर्ते मोजण्याचे एकक आले. १ एफयूईमध्ये १ ‘अ‍ॅडव्हान्स्ड’, ५ ‘कोअर’ किंवा ३० ‘सेल्फ-सर्व्हिस’ वापरकर्ते बसतात. एका डेव्हलपरला मात्र २ एफयूई लागतात. रजेचा अर्ज आणि प्रवासखर्च एवढेच भरणारे ३०० कर्मचारी १० एफयूईमध्ये भागतात. त्यांना सरसकट दिलेल्या रोलमध्ये ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ वर्गातला एकच अधिकार चुकून राहिला, तर तेच ३०० जण ३०० एफयूई होतात. काम तेवढेच, माणसे तीच.

असा अधिकार चुकून राहतो कसा? खरेदी-आदेशाच्या अधिकारात ‘अ‍ॅक्टिव्हिटी’ नावाचा एक रकाना असतो. त्यात ०१ म्हणजे नवा आदेश तयार करणे, ०२ म्हणजे बदलणे, ०३ म्हणजे फक्त पाहणे. गोदामातल्या माणसाला ०३ पुरते. पण उद्या कुणाचा ‘अ‍ॅक्सेस नाही’ म्हणून फोन नको, या विचाराने रोल बनवणारा तिथे * (म्हणजे ‘सर्व काही’) टाकून मोकळा होतो, आणि गोदामातला माणूस कागदोपत्री खरेदी अधिकारी बनतो. दुसरे कारण बदल्यांचे. नव्या विभागाचे रोल पहिल्या दिवशी मिळतात, जुने काढून घ्यायची आठवण कुणालाच राहत नाही. म्हणून जुन्या कर्मचाऱ्यांचे परवाने बरेचदा त्यांच्या हुद्द्यापेक्षा भारी निघतात. परवाना-कराराच्या नूतनीकरणाआधी रोलची साफसफाई करण्यामागे हाच हिशेब असतो. आदेश काढणे आणि बिल मंजूर करणे हे दोन्ही अधिकार एकाच हाती आले असतील, तर त्यात तेही सापडते. खरे तर सुरक्षेच्या दृष्टीने ते केव्हाच सापडायला हवे होते.

जो थेट लॉगिनच करत नाही त्याचे काय, हा प्रश्न इंग्लंडच्या उच्च न्यायालयात गाजला. डियाजिओ या मद्यकंपनीचे ग्राहक आणि विक्री प्रतिनिधी सेल्सफोर्स या दुसऱ्या कंपनीच्या क्लाउड प्रणालीवर उभारलेल्या अ‍ॅपमधून व्यवहार करत आणि माहिती पुढे एसएपीत जाई. हा अप्रत्यक्ष वापरही परवान्याच्या कक्षेत येतो, असा निकाल फेब्रुवारी २०१७ मध्ये लागला. एसएपीचा दावा ५.४ कोटी पौंडांहून अधिक रकमेचा होता. मात्र त्या निकालात देय रक्कम ठरवलेली नव्हती. २०१८ मध्ये एसएपीने अशा वापरासाठी माणसांऐवजी दस्तऐवज मोजण्याचा पर्याय आणला. त्यात नऊ प्रकारचे दस्तऐवज धरले जातात. मालसाठ्याचे आणि वित्तीय दस्तऐवज प्रत्येकी ०.२, बाकीचे प्रत्येकी १. थेट लॉगिन करणाऱ्यांसाठी वापरकर्त्यांचे परवाने पूर्ववत राहिले.